मुकुंदरावांचा संस्थेतला मुलगा

नागपूरच्या मनीषनगरात राहायला आल्यापासून मुकुंदराव पांढरीपांड्यांनी आपल्या मुलाबद्दलचं वाक्य दोनदा बदललं. आधी ते म्हणत, "उन्मेष अंदमानात असतो." मग कुणी पुढे विचारलं की, "सागरी क्षेत्रात आहे." पण लोक भारी चौकस. क्षेत्र म्हणजे नेमकं काय, घर मिळालं का, मुली पाहायला सुरुवात केली का, इथवर गाडी जायची. शेवटी त्यांनी "समुद्राच्या एका संशोधन संस्थेत" असं पक्कं करून टाकलं. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत मसुदे लिहिलेला माणूस. खोटं बोलायचं तरी त्यावर कुणाला शेरा मारता येऊ नये असं बोलायचा. या वाक्याला कुणी हरकत घेतली नाही आणि मुकुंदराव निर्धास्त झाले.

खरी गोष्ट अशी, की उन्मेष पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत चार वर्षं होता. मित्रांबरोबर अंदमानला गेला, हौशी पाहुण्यांना मासे धरायला खोल समुद्रात नेणाऱ्या भाड्याच्या बोटीवर एक दिवस बसला, आणि दोन महिन्यांत नोकरी सोडून त्याच बोटीवर खलाशी म्हणून लागला. खलाशी! ज्या घरात चातुर्मासात कांदा-लसूणही चालत नाही, त्या घरातला मुलगा पहाटे चारला उठून आमिषाचे मासे कापतो, पाहुण्यांच्या गळाला लावून देतो, मासा लागला की पाहुण्याची कंबर धरून उभा राहतो, त्याचा फोटो काढतो आणि परतताना लोकांच्या ओकाऱ्या धुतो. हे सगळं त्याने स्वतःच फोनवर सांगितलं होतं, काही न लपवता. लपवायचं काम बापाने अंगावर घेतलं.

"अरे, पण हे परवडतं का?" मुकुंदरावांनी तेव्हा विचारलं होतं.

"पैशात विचाराल तर नाही, बाबा. सात महिने काम, पावसाळ्यात घरी बसा. पाठ धरते, हात फाटतात. पाहुणा खूश झाला तर बक्षीस देतो, नाही तर तोंड फिरवून जातो."

"बक्षीस! म्हणजे लोकांपुढे हात पसरायचा?"

"पसरत नाही मी. ते देतात, मी घेतो." उन्मेष म्हणाला. "पण सकाळी पाण्यावर असतो ना, तेव्हा मला दुसरीकडे कुठे असावंसं वाटत नाही. पुण्यात हे एकदाही झालं नाही."

यावर मुकुंदरावांनी फोन पत्नीच्या, प्रमोदिनीबाईंच्या, हातात दिला. अडचणीचे कागद पुढच्या टेबलावर सरकवायची सवय एवढ्यात थोडीच जाते.

यंदा ऑगस्टमध्ये उन्मेष पंधरा दिवसांसाठी घरी आला. रापून काळा पडलेला, खांदे रुंद झालेले, आणि घरातला पंखा लागला की शांत झोपणारा. पहिल्याच दिवशी मुकुंदरावांनी त्याला समोर बसवलं आणि घसा साफ करून म्हणाले, "इथे सोसायटीत मी जरा वेगळं सांगून ठेवलं आहे." संस्थेचं ऐकून उन्मेष हसला नाही, चिडलाही नाही.

"तुम्ही सांगितलं ते सांगितलं. मी खोडून काढणार नाही. फक्त मला स्वतःच्या तोंडाने म्हणायला लावू नका."

"तुला कोण लावून राहिलं?" मुकुंदराव म्हणाले. एक मोठं काम मार्गी लागलं, असं त्यांना वाटलं.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरांनी आपापले लाकडी बैल सजवून आणले. सगळा पुढाकार वरच्या मजल्यावरच्या महादेवरावांचा. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, मूळचे कामठीकडच्या शेतकरी घरातले महादेवराव अक्षय्य तृतीयेला इथे राहायला आले आणि चार महिन्यांत सगळ्यांचे झाले. मुकुंदराव त्यांच्याशी गोड बोलत आणि घरी येऊन "फार मोठ्यानं बोलतो बुवा हा माणूस" म्हणत. पोरांना खाऊ वाटून झाला, मोठ्यांसाठी चिवडा आणि चहा आला, खुर्च्या गोलात सरकल्या. उन्मेष चहाचा ट्रे घेऊन फिरत होता. त्याला पाहून महादेवरावांना अंदमान आठवलं.

"साहेब, तुमचा पोरगा तिकडंच राहते ना? आमी फेब्रुवारीत गेलतो अंदमानले. जावयानं मासे धराची बोट केली. मले कन्हान नदीवर गळ टाकून बसाची सवय, मले वाटलं समुद्र म्हंजे मोठी कन्हान! बाप्पा! एका घंट्यात हिनं जे ओकणं सुरू केलं..."

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने, रुखमाबाईंनी, पदर तोंडाला लावला. "राहू द्या ना आता," त्या म्हणाल्या. पण महादेवराव सुरू झाले की राहू देणाऱ्यांतले नव्हते.

"जावई मासा ओढून राहिला, मी सोता आडवा. हिले पाहाले कोण? बोटीवर एक काम करणारा पोरगा होता. तोंडाले कपडा, डोळ्याले काळा चष्मा. त्यानं हिचं डोकं चार घंटे धरून ठेवलं. ओकारी साफ करे, घोट घोट पाणी पाजे, अन् मराठीत म्हणे, मावशी, जमीन दिसते तिकडं पाहा, बरं वाटन. म्या इचारलं, कुठचा गा तू? तर म्हणे नागपूरचा. उतरताना गडबडीत नाव इचाराचं राहून गेलं. तवापासून मनात हाय, त्या पोराचे पाय धरले पायजे." मग त्यांनी उन्मेषकडे मान वर करून पाहिलं. "तो तू तर नव्हता ना गा?"

गोलातल्या सगळ्या माना वळल्या. त्या चेहऱ्यांवर कौतुकच होतं, हे मुकुंदरावांना नंतर शंभरदा आठवलं. पण त्या क्षणी त्यांच्या कानात एकच शब्द वाजत होता, ओकारी. पांढरीपांड्यांचा मुलगा, आणि लोकांची ओकारी. 

"छे छे, महादेवराव! आमचा उन्मेष संस्थेत आहे. तो कशाला जाईल तसल्या बोटीवर? तसल्या कामाला तिथे कोणीही पोरं ठेवतात हो."

"नाही का गा?" महादेवरावांनी पुन्हा उन्मेषलाच विचारलं.

उन्मेषने एकदा वडिलांकडे पाहिलं. मुकुंदराव चिवड्यातले शेंगदाणे निवडत होते. तोंडाने म्हणायला लावू नका, एवढंच पोराने मागितलं होतं. बापाने तेही ठेवलं नाही.

"नाही काका," उन्मेष म्हणाला. "तो दुसरा कोणी असेल." आणि त्याने ट्रे पुढे केला.

"कोणाचा का असंना," महादेवराव कप उचलत म्हणाले, "त्याच्या मायबापानं गजब पोरगा घडवला."

घरी आल्यावर प्रमोदिनीबाईंनी पानं वाढली, पण स्वतः बसल्या नाहीत. उन्मेष आत गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "चारचौघांत त्याचं कौतुक झालं आज. तुम्ही ते त्याच्याच तोंडून परत करायला लावलं." मुकुंदरावांनी भातावर वरण घेतलं आणि तसंच ठेवलं. इतके महिने त्यांना मुलाची लाज वाटत होती. आता जी वाटत होती ती त्याची नव्हती, आणि ती झाकायला एकही वाक्य सापडेना.

दोन दिवसांनी उन्मेष परत निघाला. खाली रिक्षा उभी होती. मुकुंदराव बॅग धरून त्याच्यामागून जिना उतरले; प्रत्येक पायरीवर त्यांनी ठरवलं की आता बोलायचं. रिक्षापाशी पोहोचल्यावर म्हणाले, "डबा घेतला ना?"

"घेतला," उन्मेष म्हणाला आणि नेहमीसारखा वाकून पाया पडला. ते मुकुंदरावांना सगळ्यात जड गेलं.

आणखी चार दिवस ते मनातल्या मनात मसुदा करत होते. गैरसमज झाला, सांगायचं राहिलं, मुलाचीच इच्छा होती. एकेक ओळ लिहायचे आणि खोडायचे. पाचव्या दिवशी काहीच न लिहिता ते वरच्या मजल्यावर गेले. रुखमाबाई तूरडाळ निवडत बसल्या होत्या. महादेवराव गॅलरीत पेपर वाचत होते.

"वहिनी," मुकुंदराव उभ्याउभ्याच म्हणाले, "तुमचं डोकं धरणारा तो मुलगा माझाच."

रुखमाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "मले माहीत हाय, साहेब."

"तुम्हाला? चेहरा तर झाकलेला होता त्याचा."

"चार घंटे ज्याचा आवाज कानापाशी होता, तो आवाज इसरन का मी? त्या दिवशी 'नाही काका' म्हणला, तवाच ओळखला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमी नाही म्हणलं, त्यानं नाही म्हणलं. बाप-लेकाच्या मधात मी काहून बोलू?" त्या पुढे म्हणाल्या. "बोटीवर मी त्याले इचारलं होतं, बाबू, येवढं करतं, परवडते का तुले? तो म्हणे, मावशी, काम परवडते. बाबाले ह्या कामाची लाज वाटते, ते परवडत नाही."

मुकुंदराव खुर्चीत बसले.  तेवढ्यात महादेवराव आत आले आणि मुकुंदरावांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. या वेळी "खलाशी" हा शब्दही त्यांनी उच्चारला. महादेवरावांनी ना टोमणा मारला, ना सुनावलं. ते म्हणाले, "मंग नंबर लावा ना साहेब! माहे आभार राहून गेले हाय!" आणि नंबर लागताच त्यांनी फोन हातातून घेऊन स्पीकरवर टाकला.

पलीकडे बोटीचं पत्र्याचं काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. "बोला बाबा," उन्मेष म्हणाला.

"बाबा नाही गा, मी महादेवकाका! अरे, तूच होता ना त्या बोटीवर?"

घासणं थांबलं. मुकुंदराव तोंड उघडणार, तोच त्यांच्या मुलाचा आवाज आला, शांत, नीट, त्यांनीच ठरवून दिलेल्या शब्दांत.

"नाही काका. मी समुद्राच्या एका संशोधन संस्थेत आहे."

 मुकुंदरावांनी फोन हातात घेतला. "उन्मेष, पुरे. मी इथेच बसलो आहे. मी सांगितलं यांना सगळं. माझं चुकलं रे."



"कशाला सांगितलंत, बाबा?" उन्मेष हळू आवाजात म्हणाला. "मी तर इथे लांब असतो. तुम्हाला त्याच लोकांत राहायचं आहे ना."