रडून मोकळी

कर्जतच्या लॅबमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. दोघीही गरोदर, दोघींचीही तीच रक्ततपासणी. आईच्या रक्तात बाळाचे अंश असतात. त्यांवरून बाळाच्या गुणसूत्रांत काही वेगळं असण्याची शक्यता किती, याचा अंदाज येतो. ती पोशीरहून आली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिची मुलगी पडली होती, डाउन सिंड्रोम असलेली. आईची बोटं लेकीच्या केसांतून सारखी फिरत होती आणि मुलगी मिटल्या डोळ्यांनी हसत होती.

लेकीवर एवढा जीव, मग ही तपासणी कशाला? मला राहवलं नाही.

"रिपोर्ट तसाच आला, तर बाळ नको म्हणाल?" मी हळूच विचारलं.

"नाय वो ताई, ठेवणारच. पण हिच्या येळी कुणाला म्हायतच नव्हतं. ही झाली नि मी नुसती रडत बसले, हिला जवळ घेतलंच नाय. आता रडायचं ते आधीच रडून घेईन. बाळ आलं की लगेच उचलायला मोकळी."

तेवढ्यात आतून तिला हाक आली. लेकीचा हात धरून ती गेली. मला रिपोर्ट कशासाठी हवा होता, हे मी तोवर स्वतःला विचारलंच नव्हतं.