उन्हात बसलेला माणूस

नवा फिल्टर हातात आला की ते आधी तो गच्चीवर उन्हात नेऊन ठेवायचे. म्हणायचे, "घाम येऊ द्या त्याला. मग बोलू."

काचीगुड्याच्या आमच्या छोट्या ऑफिसातले ते सर्वांत जुने तंत्रज्ञ. मूळचे नांदेडकडचे, पण उभा जन्म हैदराबादेत गेलेला. मोठ्या इमारतींच्या गच्चीवर आम्ही रिपीटर बसवतो. खालच्या वॉकीटॉकीचा क्षीण आवाज पकडून तो जोरात पुन्हा पाठवणारं हे यंत्र. त्याला फिल्टर लागतो. आपला आवाज आत घ्यायचा आणि शेजारच्या टॉवरचा गोंगाट बाहेर ठेवायचा, एवढंच त्या धातूच्या डब्याचं काम. तुम्ही म्हणाल, यात निवडायचं ते काय? पुण्याहून नवी आले तेव्हा मीही हेच म्हणाले होते.

"सर्वांत अरुंद पट्टीचा घेऊ या ना," मी कॅटलॉग पुढे करायची. "गोंगाट अजिबात नको."

"कायकू एवढा अरुंद, मॅडम? तापला की पट्टी जागेवरनं सरकते. मग आपलाच आवाज बाहेर राहतो."

त्यांचा एक नियम होता. ज्यानं फिल्टर निवडला, त्यानं एक अख्खी दुपार त्याच्याशेजारी बसायचं. ते स्वतः डोक्याला ओला रुमाल गुंडाळून, ताकाची बाटली घेऊन बसत. दर दहा मिनिटांनी वॉकीटॉकीवर खाली विचारत, "साफ?" खालून "साफ" आलं की खूश. संध्याकाळी म्हणत, "बस, उतरतो आता." आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

तारनाक्याजवळच्या एका इस्पितळासाठी फिल्टर मी निवडला. सर्वांत अरुंद. ऑफिसच्या एसीत तपासला, झकास चालला. उन्हात बसले मात्र नाही. चुलतबहिणीच्या लग्नासाठी पुण्याची गाडी गाठायची होती.

मे महिना होता. रोज दुपारी इस्पितळातल्या वॉकीटॉकी मुक्या होऊ लागल्या. तिसऱ्या दिवशी मला पुण्यात त्यांचा फोन आला.

"फिल्टर तुमचा चांगलाच आहे, मॅडम. लाजाळू आहे जरा. ऊन लागलं की दार लावून घेतो. आज रुंद घातलाय. उद्या त्याच्यापाशी बसतो."

"मी परवा येतेय. मीच बसते ना."

"नक्को. इथं पेशंट खोळंबतात. तुम्ही लग्नात पोटभर जेवा."

पुढचं मला इस्पितळाच्या रखवालदारानं सांगितलं. तो खाली सेट घेऊन बसला होता. चार वेळा "साफ?" आलं, चार वेळा त्यानं "साफ" म्हटलं. मग वरून काहीच आलं नाही. त्याला वाटलं, फिल्टर पुन्हा सरकला. तीन दिवस दुपारी असंच तर होत होतं. तो आवाज परत यायची वाट पाहत बसला. अर्ध्या तासानं वर गेला, तेव्हा ते भिंतीला टेकून, बसल्या जागीच गेलेले होते. उपचार चार मजले खाली होते. फिल्टर उत्तम चालू होता.

मला रडू आलं नाही. अजून येत नाही. मलकपेठेत त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं माझ्यापुढे ताक ठेवलं, तेही मी पिऊन टाकलं. निवड माझी होती, हे तिला सांगायला गेले होते. न सांगता उठले.

आता प्रत्येक फिल्टरपाशी मी बसते. डोक्याला ओला रुमाल असतो. खालच्या माणसाला आधीच बजावून ठेवते, मी गप्प झाले तर यंत्राला दोष देऊ नका, जिना चढून या. मग दर दहा मिनिटांनी विचारते, "साफ?"

"साफ."

संध्याकाळी "उतरते आता" म्हणून सेट बंद करते, आणि तरी बराच वेळ तिथंच बसून राहते.