मयताशिवाय म्हणायचं नाही

आमच्या गावात मयताच्या घरी लोक रडायला जात. ओकदान वहिनी ऐकायला जायची. हे मी तिच्या माघारी बोलत नाही, तोंडावरही बोलले आहे. पन्नास वर्षं आम्ही शेजारणी, एकाच आवारात समुद्री शेवाळाचे पातळ ताव वाळत घातले. एवढा हक्क आहे मला.

एकोणिसाव्या वर्षी ती या बेटावर सून म्हणून आली आणि पहिल्याच हिवाळ्यात सासरा गेला. कागदी फुलांनी सजवलेली तिरडी बारा जणांनी उचलली. पुढे हातात घंटा घेऊन सांगचिलदादा. हा माणूस एरवी होड्यांना डांबर फासायचा. बोलताना आवाज किनरा, पुढचा दात किडका. बाकीच्या गावांतले तिरडीपुढे गाणारे घसा फोडून गात. हा इतकं हळू गायचा, की ऐकू यावं म्हणून खांदेकरी पावलं जपून टाकत. मेलेल्याच्या तोंडचे शब्द तो म्हणायचा: निघतो आता, विहिरीचं झाकण लावून घ्या, धाकटीला रागावू नका. बायकांनी ओढ्यापुढे जायचं नसे. तिरडी डोंगराआड गेली, बायका भांडी घासायला परतल्या, ओकदान तिथेच उभी. शेवटी सासूनं हाताला धरून घरी आणली.

तेव्हापासून ती कामातून गेली. दादावर जीव जडला असता तर निदान चार शिव्या घालता आल्या असत्या. पण दादा दारात आला तर ही मान वर करून बघायची नाही. जीव जडला होता गाण्यावर, आणि ते गाणं मयताशिवाय म्हणायचं नसतं. शेवाळ वाळवताना तिनं एकदा दोन सूर गुणगुणले, तर सासूनं ओल्या हातानंच तोंडावर मारलं. "कुणाला बोलावतेस गं?"

त्यानंतरच्याच वसंतात तिचा नवरा गिलहो समुद्रात बुडाला, तिसऱ्या दिवशी सापडला. दोन्हींचा काही संबंध नाही, हे मी तिला हजारदा सांगितलं. तिनं पुन्हा कधी ओठ हलवले नाहीत.

गिलहोच्या तिरडीपुढे दादा गायला, "ओकदान, मी तुला कधी नावानं हाक मारली नाही." खरंच मारली नव्हती. आम्ही सगळ्या ढसाढसा रडलो. हिच्या चेहऱ्यावर मात्र, सांगायला लाज वाटते, सुख होतं. संध्याकाळी मला म्हणाली, "मी नवऱ्याला रडायचं विसरले गं. मी माणूस आहे का?"

जेवून घे म्हटलं.

पुढे गावात कुणी म्हातारं अंथरुणाला खिळलं की ही पेज घेऊन जायची, पाय चेपायची. लोक म्हणत, केवढी माया. आपण कशाची वाट बघतोय हे तिला कळत होतं, म्हणून ती आणखी सेवा करायची.

मग पोरं शहरात गेली. बारा खांदे जमेनात. पूल झाला, तशी मयत न्यायला हॉस्पिटलची काळी गाडी येऊ लागली. शहरातून एक बाई रेकॉर्डर घेऊन दादाकडे आली होती. मेलंय कोण, त्यानं विचारलं. कुणीच नाही म्हटल्यावर दार लावून घेतलं. ओकदान तेव्हा कुंपणाशी उभी होती.

शेवटचं गाणं होऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा तिनं धीर करून त्याला विचारलं, "दादा, मी गेले की माझ्यापुढे म्हणाल?"

"तुला उचलणार कोण? गाडीपुढे पळत म्हणू?" मग म्हणाला, "आणि मी तुझ्याआधी जाणार. माझ्यापुढे कोण म्हणतंय?"

घरी येताना ती मला म्हणाली, मी म्हणेन. शब्द तिला सगळे पाठ होते. बाईनं म्हणायचं नसतं खरं, पण नावं ठेवायला तरी आता कोण उरलं होतं?

मागच्या महिन्यात दादा गेला. रिवाजाप्रमाणे गाडी त्याच्या दाराशी थांबली, मुलानं बापाचा फोटो घरातून फिरवून आणला. आम्ही सात म्हाताऱ्या रस्त्यावर उभ्या. ड्रायव्हर म्हणाला, पाच मिनिटं हं आजी. ओकदान दादाची घंटा घेऊन गाडीपुढे गेली. मयत समोर होतं, आता पाप नव्हतं.

तिनं तोंड उघडलं. निघतो आता, झाकण लावून घ्या. शब्द आले, चाल आली नाही. घंटा वाजवून पुन्हा सुरू केलं. शाळेतल्या पोरीनं धडा वाचावा तसं वाटलं. जिच्यावर आयुष्यभर जीव टाकला, ती चाल तिनं भीतीपोटी मनातसुद्धा कधी घोळवली नव्हती.

ती वळली आणि माझी बाही धरली. "कशी होती गं? तू होतीस ना तिथे? सुरुवात तरी सांग."

मला आठवेना. मी बाकीच्यांकडे बघितलं, त्या एकमेकींकडे बघत होत्या. ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं आणि गाडी सुरू केली.