दोर झेलणारे हात

ग्रीसमधल्या पारोस बेटावरून नक्सोसला आम्ही दोघं नवरा-बायको शिडाच्या होडीतून गेलो. दुपारी वारा असा काही चढला की बंदरात शिरताना होडी धक्क्याच्या जुन्या दगडांवर आपटणार, असंच वाटलं. आमच्या नावाड्याने, यानीसने, दोराचं वेटोळं उचललं आणि धक्क्यावर कॉफी पीत बसलेल्या एका म्हाताऱ्याकडे सरळ भिरकावलं. हाक नाही, विनंती नाही. म्हाताऱ्याने कप खाली ठेवला, दोर झेलला, लोखंडी कडीत ओवून गाठ मारली आणि पुन्हा कॉफी प्यायला बसला.

"ओळखीचे आहेत का?" मी विचारलं.

"छे," यानीस म्हणाला. "धक्क्यावर जो असेल, त्याने दोर धरायचा."

मग आम्ही बंदर हिंडलो. एका प्राचीन देवळाचा उरलेला प्रचंड संगमरवरी दरवाजा पाहिला, वरचा किल्ला पाहिला. माझं मन मात्र त्या दोरातच अडकलेलं. आपण शेजारी घराची किल्ली ठेवतानाही दहादा विचार करतो. इथे माणसांसकट अख्खी होडी अनोळखी हातांवर सोपवतात, तेही हात पुढे येणारच या खात्रीने. राज्यं आली, गेली. बंदर टिकलं ते या खात्रीवर, असं मला तरी वाटतं.

संध्याकाळी त्याच धक्क्यावर आम्ही कॉफी घेत बसलो होतो. एक होडी आत येताना दिसली आणि मी उठले.

"अगं, तुला कुठे जमणार?" हे म्हणाले.

मी कप त्यांच्या हातात दिला. तोवर दोर माझ्या दिशेने सुटलाही होता.