उत्तरेकडचं ऊन

पन्नाशी ओलांडल्यावर मी रेंडरिंग शिकायला बसलो. सांगलीत इतकी वर्षं घरांचे नकाशे काढले, पण हल्ली नुसत्या नकाशावर कुणाचं समाधान होत नाही. पाया खणायच्या आधीच घराचा फोटोसारखा थ्रीडी व्ह्यू मोबाइलवर हवा असतो.

दोन सॉफ्टवेअर पाहिली. एक गाव, तारीख, वेळ विचारायचं आणि खरंच पडेल तसंच ऊन पाडायचं. दुसऱ्यात सूर्य माउसने कुठेही ओढता यायचा. मी दुसरं घेतलं. आपला कॉम्प्युटर जुना आहे, असं बायकोला सांगितलं. खरं म्हणजे पहिल्यात माझी घरं काळवंडलेली दिसायची, ते मला सोसवेना.

पहिलं काम विट्याजवळचं. मुलगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, दूर पंजाबात. गावात आई एकटी, घर तिच्यासाठीच. रस्ता उत्तरेला, म्हणून दारही उत्तरेला. व्ह्यू उदास वाटत होता. मी सूर्य ओढून समोर आणला, दारातला कट्टा उजळला. मुलाला तो व्ह्यू पाहताक्षणी आवडला.

पाया आखायच्या सकाळी आई मोबाइल घेऊनच आली.

"उत्तरेचं दार, म्हणून मी मागं कट्टा मागणार व्हते. पण ह्यात ऊन बघितलं. म्हनलं, इंजिनेरांनी कायतरी तोड काढली असंल. थंडीत गुडघं शेकत बसंन."

गवंड्याने आखणीसाठी चुन्याची फक्की टाकायला सुरुवात केली होती. मी उगाच दोनदा माप घेतलं. गप्प बसलो असतो, तर हिवाळ्यापर्यंत कुणाला कळलं नसतं. पण मला तिथं उभं राहवेना.

"मावशी, थंडीत सूर्य दक्षिणेला असतो, इकडं ऊन येणार नाही. चित्रात सूर्य मीच आणलाय."

"तुमी आणला?"

"हो."

"लयच पोचलेलं की वं तुमी! देवाला तरी इचारायचं."

तिने तिथूनच मुलाला फोन लावला. तो कुरकुरला, "आई, फोटो सगळ्या पाव्हण्यांना पाठवलाय गं."

"मग फोटोत तू बस. मी मागं बसती."

शेजारून खुर्ची आणवून ती प्लॉटच्या दक्षिण कडेला जाऊन बसली. "आखा हितं."

गवंडी माझ्याकडे बघत राहिला. फक्कीचं घमेलं मीच उचललं आणि तिच्या खुर्चीभोवती रेघ ओढली.

"वाकडी हाय," ती म्हणाली.

मी पायाने पुसली आणि पुन्हा ओढली.