रेगेसरांची जीप आणि माझी लाल अक्षरं

"सुनंदा, स्टोव्ह कुठे ठेवलाय गं?"

रेगेसरांनी हे विचारलं तेव्हा ते जीपमधल्या ज्या खणासमोर उभे होते, त्याच्यावर मी स्वतःच्या हाताने दोन इंची लाल अक्षरांत ‘स्टोव्ह’ असं लिहिलेलं होतं. स्टेन्सिल लावून, रंगाचे दोन हात देऊन.

"समोरच आहे, सर," मी म्हटलं.

"हो का? बरं बरं," म्हणत त्यांनी शेजारचा खण उघडला. त्यात कांदे होते. सरांनी कांदा हातात घेतला, चाचपला, परत ठेवला आणि हसले. मला काही हसू आलं नाही. ती अक्षरं काढण्यात माझा अख्खा शनिवार गेला होता, आणि ह्या माणसाला ती वाचायचीही फुरसत नव्हती. शिकलेल्या माणसांचा तोरा, दुसरं काय, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तुर्भ्याला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका शेडमध्ये मी ड्राफ्ट्समन होते. ड्राफ्ट्सवुमन असं तेव्हा कोणी म्हणत नसे. ट्रकची कंपनी आमच्याकडे नुसती चेसिस पाठवायची, म्हणजे इंजिन, चाकं आणि खाली लोखंडी सांगाडा. ड्रायव्हर एका खोक्यावर बसून, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला फडकं बांधून ती उघडीवाघडी चालवत आणायचा. तिच्यावर केबिन आणि मागचा लाकडी हौदा आम्ही चढवायचो. कुठली फळी किती लांब, कुठला बोल्ट कुठे, ते मी कागदावर काढायचे आणि माझ्या कागदाबाहेर कोणी खिळा ठोकला तर भांडायला जायचे. दिघ्याहून रोज धूळ खात येणारी मुलगी, एवढं केल्याशिवाय तिला कोण विचारणार?

अशा शेडमध्ये रेगे नवरा-बायको एक जुनी जीप घेऊन आले. सरकारी लिलावातली, लांब चेसिसची. हल्ली लोक एसयूव्हीवर तंबू बांधून लडाखला जातात, दुकानात सगळं तयार मिळतं. तेव्हा तसलं काही नव्हतं. रेगेबाई वाशीच्या एका शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. जीप त्या स्वतः चालवायच्या. सर सरकारी प्रयोगशाळेत दगड तपासायचे. कच्छचे, जैसलमेरचे दगड आयुष्यभर टेबलावर आले आणि सरांनी भिंगाखाली पाहिले. ते जिथून आले ती जमीन मात्र एकदाही पाहिली नाही. दिवाळी झाली की निघायचं, तीन-चार महिने जीपमध्येच राहायचं, असा दोघांचा बेत होता.

"करायचं सगळं आम्हीच," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "तुम्ही फक्त जागा द्या, वेल्डिंग करून द्या आणि चुकलो तर सांगा."

आमचे मालक सावंतसाहेब बोलायला फटकळ, पण त्यांना नवीन काही बघायची हौस. त्यांनी शेडचा एक कोपरा दिला. बाईंनी ट्रकची ताडपत्री घरच्या मशीनवर शिवायला घेतली. चार सुया मोडल्या, पण जीपच्या बाजूने ओढून खांबांवर ताणता येईल असं छत तयार झालं. हॉस्पिटलच्या मोडीतली लोखंडी खाट कापून तिची घडीची खाट केली. खिडक्यांना मच्छरची जाळी बसली. वजन वाढणार म्हणून मागच्या स्प्रिंगच्या कमानीत एक जादा पाटा घातला. पाण्याला आणि जादा पेट्रोलला लष्करी पद्धतीचे दोन सारखे हिरवे कॅन आणले, त्यांच्यावरही मी नावं लिहिली. आणि मागच्या बाजूला मी प्लायवूडचं स्वयंपाकघर काढून दिलं. बारा खण, सगळे एका मापाचे, एका ओळीत, प्रत्येकावर माझी लाल अक्षरं. मागचा दरवाजा खाली पाडला की त्याचंच टेबल व्हायचं. मला त्या ड्रॉइंगचा फार अभिमान होता.

खण बांधले बाळाराम नाखवाने. हा दिवाळे गावचा. आधी खाडीत होडी चालवायचा आणि होड्या बांधायचाही. शहर आलं, खाडीतली मासळी आटली, तसा तो आमच्याकडे सुतार म्हणून आला. पन्नाशी ओलांडलेला, बोलायला अगदी कमी. माझं ड्रॉइंग हातात घेऊन तो नुसता "हं" म्हणायचा आणि तंतोतंत तसंच बांधायचा. ह्या कामात मात्र तो दोनदा म्हणाला, "बाय, सरांना इचारलं का?"

"सरांना काय विचारायचं? बाईंना दाखवलंय," मी म्हटलं.

कांद्याचा प्रकार झाला त्याच दुपारी ट्रायल होती. सर म्हणाले, आज सगळ्यांना जीपच्या स्वयंपाकघरातला चहा. कामाची वाटणी ठरलेलीच होती. गाडी बाईंची, चूल सरांची. स्टोव्ह शेवटी बाईंनी काढून दिला. सरांनी पंप मारून पेटवला, वर पातेलं ठेवलं. मग वाकून कॅन उचलला, झाकण फिरवलं आणि पातेल्यावर तिरका केला.

बाळाराम तीन पावलांवर फळी रंधत होता. तो कधी उठला ते मला दिसलंच नाही. त्याने एका हाताने सरांचं मनगट वर धरलं आणि दुसऱ्या हाताने स्टोव्हची चावी सोडून ज्योत बसवली. दोन थेंब टेबलावर सांडले होते. त्या दिवशी शेडमध्ये रंगकाम चालू होतं, थिनरचा वास सगळीकडे भरलेला, त्यामुळे नाकाला काही कळायची सोय नव्हती. कॅन पेट्रोलचा होता.

"सर! एवढं मोठं लिहिलंय ना त्याच्यावर!" मी ओरडलेच.

"लिवलंय बाय, बरोबर हाय," बाळाराम म्हणाला. "पन वाचनार कोन?"

रेगेबाई फळ्यांच्या चळतीवर मटकन बसल्या. बाळारामने सरांचं मनगट अजून सोडलं नव्हतं. "पंधरा दिस बगतोय. बोलताना सर माज्या तोंडाकडं नाय बगत, कानाकडं बगतात. त्यांना समोरचं दिसत नाय."

खरं होतं. सरांच्या नजरेच्या बरोबर मध्यभागी डाग पडला होता आणि तो वाढत चालला होता. कडेचं दिसायचं, म्हणून ते कुठे न अडखळता चालायचे. पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जायचं. वाचणं वर्षभरापूर्वीच बंद झालेलं. डॉक्टर म्हणाले होते, इलाज नाही. मुलाला कळलं तर तो जाऊच देणार नाही, म्हणून दोघांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

"कडेनं का होईना, अजून दिसतंय," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी तेवढंही दिसेल की नाही, ठाऊक नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोरा म्हणे!

सावंतसाहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग टेबलावरच्या त्या दोन डागांवर बोट फिरवून वास घेतला.

"हे स्वयंपाकघर काढून टाका," ते म्हणाले. "खाट राहू दे, छत राहू दे. सोमवारी सकाळी चेसिस येतेय, मला हा कोपरा रिकामा पाहिजे. आग बांधून मी रस्त्यावर सोडणार नाही, रेगेसाहेब. वाईट वाटून घेऊ नका."

"मग दिवसभर गाडी चालवून वर स्वयंपाकही हिनेच करायचा?"

"मी करीन हो," बाई म्हणाल्या.

"नको," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण मान बाजूला वळली. "सामान म्हणून न्यायचं असेल तर मी येत नाही. गाडी विकून टाकू."

ताडपत्रीची एक घडी बाईंच्या मांडीवर होती, तिच्या टाक्यांवरून त्या हात फिरवत बसल्या. बाळारामने रंधा खाली ठेवला.

"साहेब, सोमवारपत्तर गाडी माज्याकडं द्या."

"काय करणार तू?"

"होडीवर करतात तसं."

रविवारी मी माझं ड्रॉइंग, फूटपट्टी, पेन्सिली सगळं घेऊन हजर झाले. बाळारामने ती गुंडाळी माझ्या हातातून घेतली आणि कपाटावर ठेवून दिली. त्याच्याकडे फक्त खडू होता. बाराच्या बारा खण त्याने काढून टाकलेले होते. रिकाम्या जागेसमोर स्टुलावर सरांना बसवलं.

"सर, डोळं मिटा. तान लागली. पान्याला हात घाला."

"पाणी कुठंय?"

"तुमी सांगा. हात जाल तिथं."

सर क्षणभर थांबले. मग त्यांचा उजवा हात आपसूक गुडघ्याच्या बाजूला खाली गेला. बाळारामने तिथे खडूची फुली मारली. "आता काडीपेटी." डावा हात छातीच्या उंचीला, पुढे. फुली. "मीठ. सुरी. कप." प्रत्येक वेळी तो सरांचा हात जाऊ द्यायचा, तीन-तीनदा करायला लावायचा आणि तिन्ही वेळा हात एकाच जागी गेला तरच फुली पक्की करायचा. मधल्या अंतरांना सरांचीच वीत टेकवायचा आणि कमीजास्त असेल तर फुली तेवढी सरकवून हात पुन्हा घालायला लावायचा.

"आमच्यात होडी नाखव्याच्या, होडीवाल्याच्या हातानंच मापतात," तो म्हणाला. "काळोखात जालं टाकायचं, दिवा कोन धरनार? हात जाल तिथं दोरी पायजे. आनि होडीवरची वस्तू कोनी हलवायची नाय. बायको असली तरी."

"ऐकलंस का?" सर बाईंना म्हणाले. कालपासून पहिल्यांदा ते हसले.

मी बघत राहिले. चार वर्षं हा माणूस माझ्या हाताखाली काम करत होता, म्हणजे मी तसं समजत होते. त्याने एकही रेघ कागदावर ओढली नाही. खण सारखे ठेवले नाहीत, ओळीत ठेवले नाहीत. प्रत्येकाची मूठ वेगळी केली. मिठाला मासेमारीच्या जाळ्याचं बूच, सुरीला लाकडी खुंटी, चहाला दोरीचा फास, काडीपेटीला पितळी कडी. पाण्याच्या कॅनच्या मुठीवर सुतळी सपाट गुंडाळली. पेट्रोलचा कॅन तर आतून बाहेरच काढला. गाडीच्या बाहेर, दुसऱ्या बाजूला, लोखंडी पिंजऱ्यात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली बाईंना गळ्यात अडकवायला दिली. वर त्याच्या मुठीवर दोरीच्या तीन जाड गाठी मारल्या, चुकून हात लागला तर टोचाव्यात म्हणून.

काम झाल्यावर मला राहवलं नाही. फूटपट्टी काढून मी मुठींमधली अंतरं मोजली. पावणेनऊ इंच. पुढचं, पावणेनऊ. त्याच्या पुढचं, पावणेनऊ. मग मी सरांची वीत मोजली. पावणेनऊ! एवढं बरोबर माप मला पट्टी घेऊनही साधलं नसतं, आणि साधलं असतं तरी कोणाचं माप घ्यायचं हे मला सुचलंच नसतं.

सोमवारी सकाळी चेसिसवाला ड्रायव्हर गेटबाहेर हॉर्न वाजवत होता. सावंतसाहेब जीपपाशी आले. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि सरांच्या डोळ्यांवर स्वतः करकचून बांधला.

"पाच कप. मला साखर दोन चमचे."

बाई पुढे सरकल्या, बाळारामने त्यांना हातानेच थांबवलं. सर स्टुलावर बसले. गुडघ्याशी हात गेला, पाणी आलं. छातीशी हात गेला, काडी आली. स्टोव्ह पेटला तेव्हा मी माझी ओढणी मुठीत घट्ट धरली होती. पण त्या हातांना माझ्या भीतीशी काही देणंघेणं नव्हतं. ते कुठे थांबले नाहीत, कुठे चाचपडले नाहीत. चहा, साखर, गाळणं, कप. पाच कप ओळीने भरले आणि एकही थेंब बाहेर नाही. मी पुढे खूप मोठी मशीनं पाहिली, पण अशी गोष्ट पुन्हा पाहिली नाही.

सावंतसाहेबांनी घोट घेतला. बाहेर हॉर्न चालूच होता.

"साखर कमी आहे," ते म्हणाले आणि गेटपासवर सही केली.

जीप दिवाळीनंतर गेली आणि होळी होऊन गेल्यावर परत आली. मडगार्ड चेपलेलं, ताडपत्रीला ठिगळं, काचेवर वाळूचे ओरखडे. सरांच्या डोळ्यांतला डाग बराच वाढला होता. बाई म्हणाल्या, चार महिने चूल ह्यांचीच होती. सरांनी बाळारामच्या हातात एक तांबूस दगड दिला. तो दगड नव्हता, दगड झालेलं लाकूड होतं, कोण जाणे किती जुनं. बाळारामने सुतार बघतो तसं त्याचे रेषे अंगठ्याने चाचपले.

"हे टेबलावर कितीदा पाहिलं होतं," सर त्याच्या कानाकडे बघत म्हणाले. "पण जैसलमेरला ते जमिनीवर आडवं पडलंय, अख्खं झाड. समोरून दिसेना, म्हणून मी त्याच्या बाजूबाजूने चालत गेलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाहिलं मी."

बाळारामने दुसरीकडे तोंड वळवलं. मला डोळे पुसायचे होते ते मी सरळ पुसले.

सगळे आत चहाला गेले तेव्हा मी एकटीच जीपमागे थांबले. स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि काडीपेटीसाठी हात घातला. हाताला काहीच लागलं नाही. मिठाला घातला, तो फळीवर आपटला. माझी वीत साडेसात इंच आहे. बारा खणांची जुनी दारं बाळारामने तिथेच फळ्या म्हणून वापरली होती, त्यामुळे माझी लाल अक्षरं अजून होती. ‘स्टोव्ह’च्या मागे आता कांदे होते. एवढ्या सुरेख अक्षरांवर बाईंनी रंग मारू दिला नव्हता.

प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते. काढणार कोण, तपासणार कोण, मंजूर करणार कोण. त्या आठवड्यात मी तिच्यात एक रकाना वाढवला : वापरणार कोण. सावंतसाहेब म्हणाले, ट्रकच्या हौद्याला हे कशाला हवं? मी म्हटलं, असू दे. रिटायर होईपर्यंत मी तो भरत आले. निम्म्या वेळा लिहायला काहीच सुचायचं नाही. मग मी पेन्सिल खाली ठेवायचे आणि विचारायला जायचे.