विमानाचं धुराडं किती लांब ठेवावं

पाइप मानेपाशीच तडकला होता. इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथेच, बोटभर भेग. त्या भेगेतली आच थेट विमानाच्या अंगावर येत होती. मी हात वर करून भाऊजींना इंजिन बंद करायला सांगितलं, तोवर कापड करपल्याचा वास सुटलासुद्धा.

विमानाचं अंग म्हणजे काय, तर लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्यावर सुती कापड. कापड ताठ बसावं म्हणून त्यावर डोप नावाचं रोगण चढवतात. ते पेटलं की विझवायला सवड मिळत नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या नणंदेचे, सुलूचे, यजमान. लढाईच्या काळात विमानांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथेच थोडंफार उडवायलाही शिकले. लढाई संपल्यावर भंगारातलं एक छोटं इंजिन घेऊन आले आणि खालापूरला आपल्या खळ्यावर मांडव घालून विमान बांधायला बसले. लोक हसले. मी नाही हसले, कारण इंजिन म्हटलं की मला राहवत नाही. कर्जतला आमची भाताची गिरणी होती. आमच्या ह्यांना दम्यामुळे तुसाची धूळ सोसेना, म्हणून तिथलं ऑइल इंजिन मी हातात घेतलं. शिकवलं कुणी नाही. उघडायचं, बघायचं, परत लावायचं. ते बघूनच भाऊजींनी एक्झॉस्टचं, म्हणजे धुराड्याचं, काम माझ्याकडे दिलं.

माझी चूक अगदी गिरणीवालीची होती हो. तुसाच्या ढिगावर ठिणगी पडली तर गिरणी जाते. म्हणून आम्ही धुराडं लांब करून छपरावर काढतो आणि भिंतीला पट्ट्यांनी आवळतो. विमानालाही मी तेच केलं. पाच फुटी पाइप, अंगाला दोन जागी आवळलेला. पण गिरणीचं इंजिन सिमेंटच्या ओट्यात गाडलेलं असतं. विमानाचं इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेलं, ते सारखं थरथरतं. पाइपचं एक टोक हलतंय आणि दुसरं धरून ठेवलंय. मान मोडणारच.

आमचे हे लांबूनच म्हणाले, "इतकी वर्षं तुसाला ठिणगी लागू दिली नाहीस, आणि आता विमान पेटवतेस?"

भाऊजींना घाई झाली होती. उडवायच्या परवानगीचे कागद आले होते. पाइप काढूनच टाकू, नुसतं वीतभर थोटूक ठेवू, वजनही वाचेल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ते थोटूक तुमच्या बसायच्या जागेच्या बरोबर पुढे येतं. पंख्याचा वारा सगळा धूर तुमच्या तोंडावर आणील. त्या धुरात एक विषारी वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप लागते. जमिनीवर झोप लागली तर ओढून बाहेर तरी काढता येतं.

सुलू तिथेच सूप घेऊन बसली होती. भाऊजी पाणी प्यायला गेले तशी ती जवळ आली.

"वयनी, हे माजं ऐकत नाय. तुजं ऐकतात. तू नको बोललीस तर वर जानार नाय."

"आणि मी जा म्हटलं तर?"

"तर मी गप बसन. पन नीट बघून बोल गं."

त्यानंतर मी घाई केली नाही. खोपोलीच्या वेल्डिंगवाल्याकडून एक आखूड पाइप करून घेतला आणि त्यावर सरकणारा दुसरा तुकडा. बोल्ट सैल केला की लांबी कमी-जास्त करता येईल असा. पाइपचा आधार बांधला तो इंजिनालाच, अंगाला कुठेही नाही. म्हणजे थरथरायचं तर दोघं मिळून थरथरतील.

विमान आंब्याला बांधलं. उडताना असते तशी शेपूट वर हवी, म्हणून ती बैलगाडीवर टेकवली. विमानाच्या अंगाला पाइपच्या बाजूने चुना फासला. पाइपात थोडं तेल सोडून इंजिन चालवलं की चुन्यावर काजळीची रेघ उठायची. वीतभर ठेवला तर रेघ थेट भाऊजींच्या खांद्याशी. दीड फुटाला मांडीपाशी. चुना पुसायचा, चार बोटं वाढवायची, पुन्हा चालवायचं. दर वेळी इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारं घड्याळही बघत होते, पण एवढ्या लांबीला इंजिनाचा जोर काही कमी होत नव्हता. दोन फूट चार बोटांवर, तोंड खाली तिरकं कापल्यावर, रेघ विमानाच्या पोटाखालून गेली. त्यापुढे वाढवून काही मिळेना, नुसतं वजन. तिथे बोल्ट आवळला आणि तासभर इंजिन चालवलं. मानेला भेग नाही.

मग मी जा म्हटलं.

भात काढून झालेलं होतं. चार शेतांचे बांध मोडून विमान धावायला पट्टी केली होती. भाऊजी उडाले, पळसदरीच्या बाजूला वळले, दोन फेऱ्या मारल्या आणि उतरले, दोन उड्या घेत. आम्ही धावत गेलो. मी म्हटलं, "भाऊजी, सात आठे किती?"

"छप्पन्न."

सुलू म्हणाली, "पाढे त्यांना झोपेत पन येतात. दुसरं काय तरी इचार."

"बरं, सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही. हिने दिलंच नाही."

"शुद्धीत हायेत," सुलू म्हणाली, आणि मग मात्र तिथेच बांधावर बसली.

मी वाकून विमानाच्या पोटाखालची काजळी बघितली, पाइपची मान बघितली. ठीक होतं. कुणी पाइपची लांबी विचारली तर मी आधी विचारते, इंजिन कशावर बसवलंय आणि माणूस कुठे बसणार आहे. आकडा त्यानंतर. आणि पहिला पाइप सरकता करा. कापलेला काही वाढत नाही.